काटेसाहेबांची कंबर

सोमवारच्या बैठकीत बाकीचे सगळे बसले आणि काटेसाहेब खुर्चीमागे उभे राहिले, तिथून या प्रकरणाला तोंड फुटलं.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. बाजारानेच त्यांचं हे बारसं केलं होतं. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. साखरेत चिमूटभर फरक निघाला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. असा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचं जे होतं, ते सवयीच्या खोटारड्याचं कधी होत नाही. सवयीचा खोटारडा बोलून मोकळा होतो. सरळ माणूस आपलं खोटं सांभाळत बसतो.

“बसा ना,” वरिष्ठ साहेब म्हणाले.

“नको. उभाच बरा आहे.”

“का हो? काय झालं?”

आता काय झालं हे सांगण्यासारखं असतं, तर काटेसाहेब उभे कशाला राहिले असते? सगळी बैठक त्यांच्याकडे बघू लागली. काही तरी बोलणं भाग होतं. शरीरातल्या सभ्य अवयवांची त्यांनी मनातल्या मनात भराभरा उजळणी केली आणि म्हणाले, “कंबर. कंबर धरलीय जरा.”

सगळ्यांनी “अरे अरे” केलं आणि बैठक पुढे सरकली. इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून काटेसाहेबांना हायसं वाटलं. बिचारे.

खरं दुखणं कंबरेच्या बरंच खाली होतं. जांघेत आणि जांघेच्या आतल्या बाजूला, ज्या भागाला शाळेच्या पुस्तकात नाव नसतं आणि शाळेच्या भिंतीवर भलतीच नावं असतात, तिथे त्यांना तांबडेलाल, चकचकीत चट्टे उठत. कातडी तडकायची, आग व्हायची, आणि खाज तर अशी की चारचौघांत देवाची आठवण यावी. मधले काही महिने सगळं शांत असायचं. मग कधी उन्हातान्हात फिरणं झालं, कधी घट्ट पँट घातली, कधी नुसतीच वरिष्ठांची बोलणी खाल्ली, की पुन्हा भडका. चालताना घासायचं, बसलं की चिकटायचं.

सुरुवात झाली तेव्हा ते नुकतेच दौऱ्यावरून परत आले होते. दौऱ्यात एका लॉजवर राहिले होते आणि लॉजचा टॉवेल वापरला होता. त्यांनी दोन आणि दोन चार केले. हा कुठला तरी वाईट रोग आणि तो त्या टॉवेलातून आला, असा निकाल त्यांनी स्वतःपुरता देऊन टाकला. बरं, बायकोला सांगावं, तर लॉज, दौरा आणि टॉवेल, एवढ्या साहित्यातून कोणती बायको नुसता टॉवेल उचलील? परस्त्रीकडे मान वर करून न बघितलेला हा माणूस त्या दिवसापासून घरात चोरासारखा वावरू लागला. पाप केलं नव्हतं, प्रायश्चित्त तेवढं चालू झालं. तिला लागू नये म्हणून त्यांनी आपला साबण वेगळा केला. मग पंचा वेगळा केला. आणि एक दिवस, “मी फार घोरतो गं, तुझी झोप मोडते,” असं म्हणून पलंगही वेगळा केला.

औषध म्हणाल तर दौऱ्याच्याच गावातल्या एका औषधवाल्याने दिलेली ट्यूब होती. “कसलीही खाज असू दे, लावा आणि विसरा,” तो म्हणाला होता. ट्यूब लावली की दोन दिवसांत आग विझायची आणि सोडली की दुप्पट पेटायची. काटेसाहेब वर्षानुवर्षं ती लावत आले होते. विसरणं मात्र जमलं नव्हतं.

तर, कंबर. कचेरीत चांगुलपणा करायची लाट कधी येईल सांगता येत नाही. वरिष्ठांनी मनावर घेतलं आणि काटेसाहेबांसाठी कंबरेची खास खुर्ची मागवायचं ठरलं. त्यासाठी हाडांच्या डॉक्टरचा दाखला हवा होता. काटेसाहेब म्हणाले, “राहू द्या, कशाला उगीच?” वरिष्ठ म्हणाले, “अहो, तुमचे जावईच हाडांचे डॉक्टर ना?”

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण म्हण अशी घराचा पत्ता विचारत विचारत येऊन दारात उभी राहिल्याचं उदाहरण विरळाच. वरिष्ठांनी परस्पर फोन केला आणि जावई त्याच संध्याकाळी बॅग घेऊन हजर झाला.

“पप्पा, लाजू नका. पालथे झोपा बघू.”

पालथं झोपण्याइतकी लाज काटेसाहेबांना परवडणारी होती. जावयाने मणके दाबले, पाय उचलले, वाकवले. पाय बाजूला फाकवल्याबरोबर कातडी ताणली जाऊन काटेसाहेबांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की जावयाचा चेहरा गंभीर झाला. “मला वाटलं त्यापेक्षा जास्त आहे,” तो म्हणाला. “उद्या एक्स-रे.”

काटेसाहेबांना उलट धीर आला. तपासलेलं यंत्र काही खोटं बोलत नाही, यावर तर त्यांची नोकरी उभी होती. एक्स-रे स्वच्छ निघेल, कंबर निर्दोष सुटेल आणि आपणही सुटू. पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या कंबरेचा फोटो काढला की त्यात काही ना काही सापडतंच. “हे बघा, इथे झीज आहे,” जावई उजेडापुढे फोटो धरून म्हणाला. आयुष्यभर खोटी वजनं पकडणाऱ्या माणसाचं पहिलं मोठं खोटं यंत्रानेच प्रमाणित करून दिलं.

तो फोटो बायकोने पाहिला आणि इथे गंमत संपते. म्हणजे संपायला हवी होती.

तिची थोरली बहीण लवकरच मुलाकडे परदेशी कायमची राहायला जाणार होती. जाण्याआधी दोघी बहिणींनी आठवडाभर समुद्रकाठी जाऊन राहायचं ठरवलं होतं. काटेसाहेबांच्या बायकोने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आधी सासू-सासऱ्यांचं दुखणं, मग मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग स्वतःचं गर्भाशयाचं ऑपरेशन, असा तिचा समुद्र दर वेळी एकेका लाटेने मागे गेला होता. आता कुठे बॅग भरून झाली होती. वाळूत चालायला म्हणून तिने रबरी चपलासुद्धा घेतल्या होत्या आणि घरात घालून बघितल्या होत्या.

तिने एक्स-रे पाहिला, तो पाकिटात घातला आणि बहिणीला फोन लावला. “ताई, माझं नाही जमायचं. ह्यांच्या मणक्यात झीज निघालीय.”

“अगं, तू जा,” काटेसाहेब म्हणाले. “मला काही झालेलं नाही.”

“दिसतंय की फोटोत.”

“फोटोत दिसतंय, पण…”

“पण काय?”

इथे बोलायचं होतं. आयुष्यात माणसाला खरं बोलायची वेळ पुष्कळदा येते, पण असा मोकळा दरवाजा क्वचितच मिळतो. ती फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी होती. काटेसाहेबांनी तोंड उघडलं.

“पण… दुखत नाही एवढं,” ते म्हणाले.

“सहन करायची सवयच आहे तुम्हाला,” ती म्हणाली आणि तिने फोनवरचा हात काढला.

बहीण एकटीच गेली. परतल्यावर सामान आवरलं आणि मुलाकडे निघून गेली. विमानतळावरही काटेसाहेबांची बायको गेली नाही, कारण त्या दिवशी कंबरेला शेक द्यायचा होता.

त्या कंबरेची सेवा तिने मन लावून केली. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची पिशवी. उष्णता कंबरेवरून खाली उतरायची आणि घाम फुटला की चट्टे निखाऱ्यासारखे पेटायचे. जावयाने रुंद पट्टा दिला, त्याची खालची कड नेमकी जांघेत रुतायची. कचेरीत खुर्ची आली, ती रेक्झिनची. तिच्यावर तासभर बसलं की उठताना आधी खुर्ची उठायची आणि मग काटेसाहेब. जगात कंबरेवर जेवढे म्हणून उपाय आहेत, ते सगळे या दुखण्याचे हाडवैरी निघाले.

शेजारीपाजारी तरी मागे कसे राहतील? दुखणं कळलं आणि सल्ला दिला नाही, तर शेजारधर्म बुडतो. कुणी म्हणालं जमिनीवर झोपा, कुणी म्हणालं मुळीच झोपू नका, चाला. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर मात्र नुसत्या सल्ल्यावर थांबणारे गृहस्थ नव्हते. ते एका रविवारी सकाळी बाह्या सरसावून बाटलीसकट आले. बाटलीत त्यांनी स्वतः उकळलेलं तेल होतं. त्यात काय काय आहे हे ते सांगत नसत, पण बूच उघडल्याबरोबर शेजारच्या खोलीतली काटेसाहेबांची बायको शिंकली.

“पालथे व्हा. पायजमा जरा खाली.”

“वरच्या वर चोळा,” काटेसाहेब काकुळतीने म्हणाले.

“मला शिकवू नका. या हातांनी आयुष्यभर शिक्के मारलेत.”

पोस्टमास्तरांनी ओंजळभर तेल ओतलं आणि शिक्के मारायला सुरुवात केली. पण तेलाला शेजारधर्म कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो. ते मणक्याच्या पन्हाळीतून हळूहळू खाली निघालं. काटेसाहेबांना त्याचा रस्ता कळत होता, मुक्काम कळत होता आणि काहीही करता येत नव्हतं. तेल मुक्कामाला पोहोचलं. पुढच्या क्षणी काटेसाहेब पलंगावरून सरळ उभे उडाले, दार ओलांडून न्हाणीघरात शिरले आणि बादलीत बसले.

“बघितलंत का!” पोस्टमास्तर आनंदाने ओरडले. “मघाशी कुशीवर वळता येत नव्हतं या माणसाला!”

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. ट्यूब संपत आलेली, कातडी सोललेली, आणि दौऱ्याचं गाव लांब. नाइलाजाने काटेसाहेब आपल्याच बाजारातल्या औषधाच्या दुकानात शिरले. पण त्यांना बाजारात कुठेही गुपचूप शिरता येत नसे. त्यांना पायरी चढताना पाहिल्याबरोबर मालक उठून उभा राहिला.

“साहेब, बाहेरचं माणसं जोखायचं यंत्र कालच दुरुस्त केलंय. तुम्ही स्वतः उभं राहून बघा.”

“ते राहू दे. जरा इकडे या,” काटेसाहेब हळूच म्हणाले. “एक ट्यूब हवी होती. खाजेची.”

“कुठे लावायचीय?”

काटेसाहेबांनी डोळ्यांनीच खाली इशारा केला. मालकाने खाली वाकून फरशीकडे पाहिलं. मग इशाऱ्याचा अर्थ त्याला भलताच लागला. “साहेब, गल्ल्याखाली काही नाही हो!” तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला आणि त्याने गल्ल्याखालचे खोके ओढून फरशीवर रिकामे करायला घेतले. गिऱ्हाइकं जमली. कुणी तरी म्हणालं, धाड पडली. शेवटी काटेसाहेबांना नाइलाजाने बाहेरचं यंत्र तपासावं लागलं. ते खरोखरच खोटं निघालं आणि कर्तव्य म्हणून सील करावं लागलं. जमावाने टाळ्या वाजवल्या. ट्यूब मिळाली नाही ती नाहीच.

मग मात्र ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, अशा एका त्वचारोगाच्या दवाखान्यात गेले. आत बघतात तो डॉक्टर बाई. वयाने त्यांच्या मुलीएवढी. परत फिरायचं तर मागे दाराशी पुढचा पेशंट उभा.

“माझ्या एका मित्राला त्रास आहे,” ते म्हणाले.

“मित्राला घेऊन या.”

काटेसाहेब थोडा वेळ टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, “आलाय तो.”

ती हसली नाही. तिने आधी त्यांची कोपरं पाहिली, नखं पाहिली, डोक्यातला कोंडा पाहिला. तो कोंडा नव्हताच. मग पडद्यामागे नेऊन, जे पाहायचं ते एखादी जखम पाहावी इतक्या साधेपणाने पाहिलं.

“सोरायसिस आहे हा. काहींना या जागीही होतो.”

“टॉवेलमुळे?”

“कुठल्या टॉवेलमुळे?”

काटेसाहेबांनी लॉजची हकिकत सांगितली. जन्मात पहिल्यांदा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“हा कुणाकडून येत नाही आणि कुणाला लागत नाही. टॉवेलाने नाही, शेजारी झोपण्याने नाही, कशानेच नाही. तुमच्या शरीराचाच हा स्वभाव आहे. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, पण आटोक्यात राहील. मधूनमधून उठेल, मग थोडे दिवस सौम्य औषध लावायचं, तेही मी सांगेन तेवढंच. साबण नको. सैल, सुती कपडे घाला. आणि ही ट्यूब आजपासून बंद. हिने कातडी पातळ झालीय तुमची.”

“कशानेच लागत नाही?”

“नाही.”

“पत्नीलासुद्धा?”

“नाही. घरी माहीत आहे ना?”

काटेसाहेबांनी मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलली हे डॉक्टर बाईला कळलं असावं. ती म्हणाली, “सांगा. एकट्याने ओझं उचललं की हा रोग जास्त भडकतो.”

हलकं वाटायला हवं होतं. पण बसमध्ये उभं राहून घरी येताना त्यांच्या छातीवर वेगळंच वजन येऊन बसलं. कशानेच लागत नव्हतं. म्हणजे साबण वेगळा करायचं कारण नव्हतं. पंचा वेगळा करायचं कारण नव्हतं. पलंग तर…

बायको गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून गेले: चट्टे, लॉज, टॉवेल, ट्यूब, बैठक, कंबर. ती घड्या घालत राहिली. त्यांचाच एक सदरा तिने दोनदा घडी घालून दोनदा मोडला.

“म्हणजे कंबर दुखत नव्हती.”

“नाही.”

“आणि घोरणं?”

“मी घोरत नाही.”

“ते मला माहीत होतं हो,” ती म्हणाली. “एवढी वर्षं बाजूला झोपत होते. तुम्ही पलंग हलवलात तेव्हा माझं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आठवतंय?”

काटेसाहेबांना नव्हतं आठवत. म्हणजे ऑपरेशन आठवत होतं, पलंग आठवत होता, पण ते दोन्ही एका महिन्यातले हे त्यांनी कधी एकापुढे एक मांडून पाहिलंच नव्हतं.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “आता माझ्यात काही उरलं नाही असं तुम्हाला वाटलं.”

“अगं, काहीतरीच…”

“तेव्हापासून मी केस रंगवायला लागले. एकदा म्हणालात, रंग उशीला लागतो. बस, एवढंच म्हणालात.”

चट्टे आपल्याला उठले आणि आग आपल्या एकट्याला होतेय, अशी काटेसाहेबांची इतकी वर्षं समजूत होती.

“विचारायचं नाहीस का गं एकदा तरी?” ते शेवटी म्हणाले.

“कसं विचारायचं? आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?”

तिने घड्यांचा ढीग उचलला आणि आत गेली. त्यावर रडणं नाही, भांडण नाही. भांडली असती तर काटेसाहेबांना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने साबण बदलून आणला, त्यांच्या घट्ट पँटी बोहारणीला द्यायला वेगळ्या काढल्या, पट्टा जावयाला परत पाठवला. “बरं वाटतंय आता त्यांना,” एवढंच जावयाला सांगितलं. पोस्टमास्तरांनी ते श्रेय तेलाला घेतलं आणि घेऊ दिलं गेलं. चट्टे हळूहळू फिके पडले. पुढे एकदा उठलेही, पण औषध जवळ होतं, आणि “आज बसवत नाही,” असं घरात म्हणता येत होतं. पलंग पुन्हा जवळ आले. पण एवढ्या वर्षांत दोघांनाही पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायची सवय झाली होती; मध्ये बरीच जागा रिकामी राहायची.

एका संध्याकाळी परदेशातून बहिणीचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. “भावोजींची कंबर कशी आहे गं?” तिकडून विचारणं झालं.

“बरी आहे ताई,” बायको म्हणाली. “झीज आहे ना, वेळ लागणारच.”

काटेसाहेबांनी ते दारातून ऐकलं. ही बाई आपल्या बहिणीशी जन्मात खोटं बोलली नव्हती. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातून फोन घेतला. ती “अहो, नको,” असं नुसत्या ओठांनी म्हणाली.

“ताई, मी बोलतोय. माझ्या कंबरेला काही झालेलं नव्हतं. कातडीचा आजार आहे, फार जुना. नको त्या जागी आहे, म्हणून सांगायला लाजलो. तुमचं दोघींचं जाणं मी बुडवलं.”

मग ताई म्हणाल्या, “एवढंच? अहो, आमच्या ह्यांना मूळव्याध होती. सगळ्या गावाला माहीत होतं. लग्नाकार्याला गेले की यजमान आधी उशी आणून द्यायचे.”

काटेसाहेबांना हसू आलं. ताईही हसल्या. मग त्यांचा आवाज खाली आला.

“तिथे समुद्रासमोर बाक होते, भावोजी. संध्याकाळी गर्दी व्हायची. लोक येऊन विचारायचे, इथे कुणी बसलंय का. मी पिशवी ठेवून जागा धरायची आणि म्हणायची, हो, माझी बहीण येतेय. रोज तेच म्हणायची. का ते मलाही नाही सांगता यायचं.”

बायकोने हात पुढे केला तसा काटेसाहेबांनी फोन तिला दिला आणि ते बाहेरच्या खोलीत येऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात ती स्टूल ओढून बसल्याचा आवाज आला. बराच वेळ ती नुसतं “हं, हं” करत होती.

मग ती म्हणाली, “ताई, लाटा कशा होत्या गं? सांग ना. तू गाडीतून उतरलीस तिथपासून सांग.”